व्याह्यांची थंडी आणि मूठभर काटे

जळगावात थंडी पडते ती माझे व्याही तिला सोडतात म्हणून पडते. वेधशाळेचे लोक काय सांगायचं ते सांगोत, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी व्याहीबुवा मारुतीच्या ओट्यावर चढायचे, नाक वर करून हवा हुंगायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "आली. थोडी लेट आहे, पण आली." त्याच दिवशी आमच्या आळीतल्या बायका ट्रंका उघडून गोधड्यांना ऊन दाखवायच्या. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. तीस वर्षं माइकसमोर बसून गाड्या सोडल्या, त्यामुळे जगात जे काही हलतं ते आपण सोडल्याशिवाय हलत नाही अशी त्यांची समजूत झाली होती. माझ्या मुलीच्या लग्नात भटजींचं शेवटचं मंगलाष्टक लांबलं, तर यांनी मांडवातला माइक हातात घेऊन सांगितलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, मुहूर्त सुटत आहे." भटजींनी घाबरून तिथल्या तिथे 'सावधान' म्हटलं आणि माझ्या मंदानं माळ घातली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की आपण मुलगी कुठे दिली.

म्हणतात की मुलगी गावातल्या गावात देऊ नये. मी चौथी शिकलेला माणूस, नरडाण्याकडच्या खेड्यातून पोट भरायला जळगावला आलो, डाळमिलमध्ये हमालांचा मुकादम झालो. मला वाटलं, दोन गल्ल्या सोडून मुलगी दिली की ती रोज दिसेल. ती दिसली कमी, तिचे सासरेच जास्त दिसले. आणि मुलीच्या बापाची गत तुम्हाला ठाऊक आहे. मुलाच्या बापानं 'बसा' म्हटलं की बसायचं, 'उठा' म्हटलं की उठायचं, आणि दोन्हीच्या मध्ये हात जोडायचे. मिलमध्ये चाळीस हमाल माझ्या शिव्या खायचे आणि वर 'हो मुकादम' म्हणायचे. असा मी माणूस, पण व्याह्यांपुढे मीच 'हो, हो' म्हणायचो. मनात 'हा बाबा', तोंडावर 'व्याहीबुवा'.

त्यांचं वेड एकच, थंडी. त्यांचं म्हणणं असं की आमच्या जळगावात उन्हाळा वाटेल तेवढा मिळतो आणि तो कोणालाच नको असतो, थंडी मात्र दोन-अडीच महिनेच येते आणि लोक ती गोधडीत घालवतात. इतर वेळी शुद्ध बोलणारा हा माणूस या विषयावर आला की घरच्या अहिराणीवर यायचा. "आबा, थंडी पाव्हनी शे. पाव्हनी घर उनी, आन तुम्ही गोधडीमा दपेल?" पाहुणी घरी आली नि आम्ही गोधडीत लपलेलो! तर या पाहुणीच्या सरबराईसाठी त्यांनी मारुतीच्या ओट्यावर एक काळा फळा टांगला होता. त्यावर खडूनं टाईमटेबल. सोमवारी सूर्यनमस्कार, बुधवारी म्हाताऱ्यांनी पोरांना शेकोटीशी गोष्टी सांगणे, शुक्रवारी भजन, रविवारी मेहरूणच्या तळ्यापर्यंत पायी जाऊन बोरं खाणे, संक्रांतीला पतंग, मध्येच कधी रांगोळ्या, कधी शर्यती. सगळ्याच्या खाली तीन ओळी कायमच्या, दरवर्षी नव्यानं गिरवलेल्या: 'फुकट. वयाची अट नाही. सबब चालणार नाही.' ही तिसरी ओळ माझ्यासाठी होती असं माझं आजही मत आहे.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. मंदाच्या लग्नाला सहा महिने झालेले. पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली. बाहेर व्याह्यांचा धाकटा मुलगा. म्हणाला, "अण्णांनी लगेच बोलावलंय." पहाटे निरोप आला म्हणजे एक तर कोणी मेलं किंवा मुलीनं दूध उतू घालवलं. मी धोतर हातात धरून, एका पायात माझी आणि एका पायात बायकोची चप्पल अशा थाटात धावलो. ओट्यावर पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती, आठ वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत. व्याह्यांनी घड्याळ बघितलं. "आबा, तीन मिनिटं लेट. शेवटच्या रांगेत उभे राहा." मी उभा राहिलो. मी जन्मभर पोत्यांखाली वाकलो होतो, सूर्यापुढे वाकायची वेळ कधी आली नव्हती. तिसऱ्या आकड्याला वाकलो तो तसाच राहिलो. वर येता येईना, खाली जाता येईना. शेवटी चौघांनी मला पोत्यासारखं उचलून भिंतीला टेकवलं. तेवढ्यात चहा आला. आता मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही पिऊ नये अशी आमच्याकडची रीत, तेव्हा मी थंडीनं कुडकुडत कपातल्या वाफेकडे बघत बसलो. व्याह्यांनी ते ओळखलं. कप मारुतीच्या पायाशी ठेवला, उचलून माझ्या हातात दिला. "हा मारुतीचा चहा आहे. आमचा नाही. घ्या." त्यानंतर मंदाला मुलगी होईपर्यंत दीड वर्ष मी मारुतीचा चहा प्यालो. ब्रह्मचारी देवाला इतकं दूध-साखर कुठून मिळतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी गेलो तर बायको चुलीपुढे हसून हसून लाल झालेली. मला वाटलं कीव करील. ती म्हणाली, "बरं व्हयनं. येक मानूस तरी भेटना तुम्हले उठाडनारा." माझी बायको व्याह्यांच्या पक्षात होती हे मी इथेच सांगून टाकतो. आळीत तिला सगळे अक्का म्हणायचे. फळ्यावर जे लिहिलं असेल त्याला ती पहिली हजर असायची आणि मला शेपटासारखं मागे न्यायची.

एका संक्रांतीला व्याह्यांनी पुरुषांची रांगोळी-स्पर्धा काढली. म्हणाले, "बाया रोज काढतात, त्यात काय बघायचं?" मी मोर काढायला घेतला. दोन तास उकिडवा बसून पिसारा काढला, रंग भरले, डोळ्याला काळा ठिपका दिला. परीक्षक विहीणबाई. त्यांनी खूप वेळ बघितलं, मान एकीकडे केली, दुसरीकडे केली आणि मोठ्या आदरानं विचारलं, "आबा, ही नांगराची कोणती बाजू?" मी घरी येताना बायकोला म्हणालो, मोराची पारख लागते. ती म्हणाली, "कोनले सांगू नका मोर शे म्हनीसन. गाढव शे असं सांगा, पहिला नंबर येई."

आणि लिंबू-चमच्याची शर्यत. साठीच्या पुढच्यांसाठी खास. मी त्याच वर्षी नवी कवळी बसवली होती, ती तोंडात अजून पाहुण्यासारखी वागत होती. चमचा दातांत धरला, शिट्टी झाली, मी निघालो. सांगायला हरकत नाही, मी पुढे होतो. दोरीच्या हातभर अलीकडे मला ठेच लागली. लिंबू, चमचा आणि कवळी तिघं मिळून पुढे गेली आणि मी मागे मातीत बसलो. लिंबू दोरीच्या अलीकडे थांबलं, कवळी पलीकडे जाऊन पडली. आळीतली पोरं लोळून हसत होती. व्याही हसले नाहीत. नियमाचा माणूस. त्यांनी वाकून नीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि जाहीर केलं, "कवळीचा पहिला नंबर. मालक बाद." बक्षीस म्हणून मेहरूणची शेरभर बोरं मिळाली, ती बायकोनं खाल्ली, कारण माझी कवळी धुवायला गेली होती.

पण या सगळ्या टाईमटेबलाचा राजा म्हणजे भरताचा रविवार. भरताची पार्टी आमच्या खानदेशात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच की हिरवी, पोराच्या डोक्याएवढी वांगी शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात आणि तेल, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर खाऊन बांधावरच आडवं व्हायचं. व्याह्यांच्या भावाचं शेत गिरणेच्या बाजूला होतं, तिथे आळी जायची. वांगी एकाची, काड्या दुसऱ्याच्या, भाकऱ्या घरोघरच्या. बडगी मात्र माझ्या बायकोची. तिच्या माहेरची, सागाची, परातीएवढी, मध्ये खोल. मूल झोपवावं असा खोलगा. त्या बडगीत दुसऱ्या बाईचा हात तिनं कधी पडू दिला नाही. शंभर-सव्वाशे माणसांचं भरीत एकटी ठेचायची आणि मध्ये कोणी 'अक्का, मी घेऊ का थोडं?' म्हटलं तर नुसतं बघायची. विचारणारी बाई मुकाट कांदे चिरायला बसायची.

माझ्याकडे या कामातला एकच भाग होता. आदल्या शनिवारी वांगी आमच्या घरी येऊन पडायची आणि ती म्हणायची, "मूठभर काटा आना बाभूयना. लांब-लांब आना." मी रेल्वे रुळाकडच्या बाभळीचे काटे तोडून आणायचो, उंबऱ्यावर ठेवायचो आणि पानाच्या टपरीवर जाऊन बसायचो. काटे कशाला, हे मी कधी विचारलं नाही. मला ते कळलंच होतं. एवढी वांगी, एवढ्या माणसांचे डोळे, कोणाची नजर कशी असते सांगता येतं का? ती काट्यांनी वांग्यांची दृष्ट काढत असणार. लोक मीठ-मोहरीनं काढतात, तिच्या माहेरी काट्यांनी काढत असतील. मी आठ-नऊ वर्षं काटे आणले. एकदाही मागे वळून बघितलं नाही की ही बाई काट्यांचं करते काय.

श्रावणात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाही. त्याबद्दल मला लिहिता येत नाही आणि लिहिणारही नाही.

दहाव्याला माणसं आली, बोलली, गेली. कोणी म्हणालं सोन्यासारखं मरण आलं, कोणी म्हणालं देवाची मर्जी. व्याही दारात उभे राहिले. टोपी हातात घेऊन तिची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाले, "आबा. उद्या साडेपाच." माझं डोकं फिरलं. आठ-नऊ वर्षांत जे मुलीच्या बापाला बोलता येत नाही ते मी बोललो. म्हणालो, "निघा." भरल्या घरात. मंदानं पदर तोंडात घातला. व्याह्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराबाहेर शिट्टी वाजली. एकदाच. ना हाक, ना कडी. नुसती शिट्टी, आणि मग चपलांचा आवाज दूर गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. भाद्रपद गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मी दार उघडायचो नाही. मंदा डबा आणायची, तो अर्धा खायचो, अर्धा गाईला. दाढी वाढली. आळीतली पोरं मला बघून बाजूला व्हायला लागली, आणि खोटं का सांगू, मला त्यातही बरं वाटायचं. शिट्टी ऐकून मी रोज एक ताजी शिवी मनात द्यायचो. हमालांत आयुष्य गेलेलं, साठा भरपूर होता. एकही शिवी मला पुन्हा वापरावी लागली नाही.

आणि तुळशीचं लग्न झाल्यावर एके दिवशी शिट्टी वाजली नाही. मी पडून वाट बघितली. शिवी तयार होती, ती तोंडातच राहिली. साडेपाचचे पावणेसहा झाले असतील. मला वाटलं, गेला की काय हा बाबा? या थंडीत रोज पहाटे मारुतीला जातो, छातीत भरलं असेल. गोधडी पांघरून तसाच बाहेर आलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली व्याही गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मला बघून उठले, धोतर झटकलं, घड्याळ बघितलं. "सतरा मिनिटं लेट. चला." मी म्हणालो, "शिट्टी का नाही वाजवली?" ते म्हणाले, "तीन महिने वाजवून गाडी हलत नव्हती. म्हटलं बंद करून बघू." मी गोधडीसकट त्यांच्या मागे गेलो. ओट्यावर पोचलो तर मारुतीपुढे दोन कप. म्हणजे हा माणूस रोज दोन कप आणत होता.

एवढ्यावर थांबते तर ती माझ्या व्याह्यांची थंडी कसली. मार्गशीर्ष लागला आणि फळ्यावर नवी ओळ आली. मला वाचायला वेळ लागतो, बोट फिरवून वाचली. 'रविवार. सकाळी दहा. भरीत. करणार: आबा.' आपलं वाचायचं चुकलं असेल या आशेनं पुन्हा वाचली. चुकलं नव्हतं. मी तडक त्यांच्या घरी गेलो, बोलावणं नसताना, पहिल्यांदा.

"फळा पुसा," मी म्हणालो.

"का? अक्षर चुकलं?"

"मी भरीत करणार नाही. मला चहासुद्धा करता येत नाही."

"बडगी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. आणि ती मी देणार नाही."

"देऊ नका ना. घेऊन या."

"तिच्या बडगीत दुसऱ्याचा हात पडलेला तिला चालत नव्हता."

"म्हणून तर तुमचं नाव लिहिलं," व्याही म्हणाले. "दुसरं कोणाचं लिहिणार?"

खरं कारण सांगता येत नव्हतं. खरं कारण असं होतं की ती बडगी मी पलंगाखाली ठेवली होती आणि रात्री कधी हात घालून बाहेर ओढायचो. तिला लसणाचा वास होता, तेलाचा होता आणि आणखी एक होता. त्यात दुसरं भरीत ठेचलं की तो गेला असता. तो गेला की मग घरात तिचं काय राहिलं? लुगडी मंदानं वाटून टाकली होती. हे असलं पुरुषमाणसानं कोणाला सांगावं? मी नुसता मान हलवत उभा राहिलो.

व्याह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आबा, लग्नात मी हुंडा घेतला?"

"नाही."

"सायकल, घड्याळ?"

"नाही."

"मानपान?"

"नारळ आणि टोपी. टोपी तुम्ही मोठी होते म्हणून परत केली."

"मग इतक्या वर्षांनी आज मागतो. मुलाचा बाप मागतोय. मला भरीत पाहिजे."

आतल्या खोलीत मंदाच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मुलाच्या बापानं तोंड उघडून मागितलं, आता मुलीचा बाप काय म्हणणार? मी हात जोडले. मनातल्या मनात त्यांना घातलेली शिवी मात्र अगदी नवी होती.

शनिवारी वांगी आली. दोन पोती. कोपऱ्यात ओतली तर घर हिरवं झालं. शेजारची जिजी दारात येऊन म्हणाली, "आबा, काही मदत?" मी म्हणालो, "काही नको. अक्का करायची तसं मी सगळं करतो." आणि केलं. रुळाकडे जाऊन मूठभर काटे आणले, लांब-लांब निवडून. दार लावून घेतलं, कारण ती लावायची. वांग्यांपुढे बसलो. काटे मुठीत धरून वांग्यांवरून तीनदा उतरवले, 'आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची' जेवढं आठवलं तेवढं म्हटलं आणि काटे चुलीत टाकले. तडतड आवाज झाला. मला वाटलं, नजर होती म्हणजे, बघा. मोठ्या समाधानानं झोपलो. बायकोचं काम आपण काही न चुकता केलं, असं मला श्रावणापासून पहिल्यांदा वाटलं.

रविवारी दहाला आळी शेतात. कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटवला, निखारे केले, मी स्वतः वांगी मांडली. व्याही नवा पांढरा स्वेटर घालून, घड्याळाचा हात पुढे धरून आगीजवळ उभे. बायका भाकऱ्या मोजत होत्या. वांगी टोचलीत का हे कोणी विचारलं नाही, कारण अक्काकडून वांगी यायची ती तयारच यायची, आणि मी सगळं केलं म्हणून सांगितलेलंच होतं. थोडा वेळ काही नाही. मग आगीत 'फट्' झालं. व्याही म्हणाले, "काडी फुटली." मग 'फटाक्'. एक वांगं उडालं आणि त्यातला ऊन गर व्याह्यांच्या स्वेटरवर जाऊन बसला. मग एकदम दिवाळी. वांगी उडत होती, निखारे उडत होते, पोरं किंचाळत बांधाकडे पळत होती, एक म्हातारा 'दरोडा' म्हणून ओरडला. मी काठीनं वांगी बाहेर ओढायला गेलो तर दोन माझ्यावर फुटली. धूर खाली बसला तेव्हा शंभर माणसं लांब गोल करून उभी होती आणि मध्ये आम्ही दोघं व्याही, डोक्यापासून पायापर्यंत भरीत.

जिजी पुढे आली. "आबा, वांगा टोच्यात नही का?"

"टोचनं पडस?" मी विचारलं.

"मंग? वाफ कथीन जाई? अक्का दरसाल काटा मांगे ना तुमनापाशी!"

"मांगे," मी म्हणालो. "ते... नजर उतारासाठे ना?"

मग जिजी खाली बसली. बसली आणि हसायला लागली. तिच्या मागे बायका, मग सगळी आळी. पोटं धरून, एकमेकांच्या अंगावर पडून. मीही हसायला लागलो. चुलीत तडतडणारे काटे आठवले आणि आणखी हसलो. आठ-नऊ वर्षं काटे आणले, एकदा मागे वळून विचारायचं होतं, 'कशाला गं?' चार शब्दांत सांगितलं असतं तिनं. वर दोन टोमणे मारले असते. हसता हसता माझं हसणं भलतीकडेच गेलं. मला ते थांबवता येईना. तोंडावर वांग्याचा गर, त्यातून डोळे वाहायला लागले आणि समोर आख्खी आळी.

तेवढ्यात कानाजवळ शिट्टी वाजली. व्याही माझ्यापुढे येऊन उभे राहिले, आळीकडे तोंड करून, मला पाठीमागे घेऊन. मिशीला वांगं लटकत होतं. माइक नव्हता, पण आवाज तोच. "प्रवाशांनी लक्ष द्यावे! तांत्रिक कारणामुळे भरीत एक तास लेट आहे. तोपर्यंत तीन पायांची शर्यत सुरू होत आहे. वयाची अट नाही. सर्वांनी विहिरीकडे जावे. विहिरीकडे!" लोकांनी बघितलं आणि गेले. सगळे. जिजी पोरांना ढकलत घेऊन गेली. व्याही मात्र तसेच पाठमोरे उभे राहिले, माझं होईपर्यंत. किती वेळ उभे राहिले ते त्यांना ठाऊक, घड्याळ त्यांच्या हातात होतं.

शेवटी न फुटलेली दहा-बारा वांगी निघाली. जिजीनं सोलून दिली, ठेचली मी. मिरची जास्त, मीठ दोनदा. माणशी चमचाभर आलं. व्याह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला आणि सांगितलं, "अक्काच्या हातचं नाही." मग दुसरा घास घेतला. "पण फुकट शे." घरी येऊन बडगी धुतली आणि हुंगून बघितली. लसणाचा वास राहिला होता. तो तिसरा मात्र गेला होता. मला वाटलं होतं मी मोडून पडेन. तसा नाही पडलो. अंगाला त्या दिवशी इतक्या वांग्यांचा वास येत होता की स्वतःजवळच बसवत नव्हतं, आणि सकाळी साडेपाचला परत जायचं होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. व्याह्यांचे गुडघे गेले, फळ्यावरचं अक्षर बैलाच्या मुतासारखं वाकडं येतं, पण थंडी अजून तेच सोडतात. भरीत अजून मीच करतो, अजूनही मीठ चुकतं. शनिवारी मूठभर काटे आणतो आणि एकेका वांग्याला बसून टोचतो, चारी बाजूंनी. आता मला सगळं कळतं. पण टोचायच्या आधी काटे मुठीत धरून मी वांग्यांवरून तीनदा उतरवतोच. व्याही हल्ली मदतीला म्हणून येऊन बसतात, करत काही नाहीत, नुसते 'आबा, लेट होतंय' म्हणत राहतात. मी काटे मुठीत घेतले की मात्र गप्प होतात, आणि घड्याळाचा हात पाठीमागे नेऊन ठेवतात.